दार उघडलं की काय करायचं

३ फेब्रु. २०१२, अकोला
आज आई सुटली. गुरासारखं लिहिलं, पण तसंच झालं. मी न्हाणीत होते. खालच्या शमीमआपा स्टँडकडे गेलेल्या, त्यांनीच रिक्षात घालून आणली. "तुही माय दर्यापूरच्या जीपमंधी बसून होती वो. म्हणे शेंदूरजन्याले चालली, माहेरी."
मामाची संत्र्याची बाग वाळली, तोडली, मामाही गेला. आईला सांगितलं की ती नव्याने रडते. आता सांगत नाही.
दाराला सेन्सर आहे. प्रोग्राम माझाच. मग मोबाइल का नाही वाजला?

४ फेब्रु.
सापडलं. प्रोग्राम रांगेने विचारत फिरतो: गॅस, टाकी, दार. टाकी भरल्याचा मेसेज पाठवायला गेला, मोडेमने उत्तरच दिलं नाही, हा तिथेच ताटकळला. तेवढ्यात दार उघडून लागलंही.
रांग मोडायला हवी. कुठेही काही घडलं की लगेच कळायला हवं, दुसऱ्या कुणावर अडून न बसता. तसं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, पाहिजे. दोन आहेत. नोड नवं, जो तो त्याच्याच मागे. पायथन भाषेतलं ट्विस्टेड जुनं, डोकं पिकवणारं.

७ फेब्रु.
नोडवर लिहायला घेतलं. पुण्याच्या माझ्या जुन्या ऑफिसातला केदार फोनवर हसला, "ट्विस्टेड? ते कोण वापरतं आता? नोड शीक, इथे लगेच लावून घेतील."
इथे म्हणजे पुण्यात. दाराचा प्रोग्राम लिहितेय की माझा बायोडेटा?

११ फेब्रु.
लाइट गेली. इन्व्हर्टरवर येईतो मोडेम सुटला आणि माझं नोडवालं धाडकन बंद. कुणाला कळलंही नसतं. ट्विस्टेडमध्ये तेच करून पाहिलं. दम धरतं, मोडेम परत आला की जोडून घेतं. तोवर दारावर कान असतोच.
ट्विस्टेड. ठरलं. पुण्यासाठी शून्य उपयोग.

१५ फेब्रु.
चालतंय! मोडेम काढला, गॅस सोडला, दार उघडलं, सगळं पकडतंय. मी दार वाजवलं की आई आतून, "कोन आलं?" दर वेळी तितक्याच उत्साहाने.
अमरावतीहून दादाचा फोन. "मेसेज येऊन काय फायदा? तू कामाले गेल्यावर तिले पकडन कोन? दार आतून उघडलंच नाई पाहिजे." चूक नाही त्याचं. १८ तारखेपासून मला कॉलेजात लॅब घ्यायचं काम मिळतंय, इथेच. घराबाहेर पडायची पहिली संधी.
इलेक्ट्रिक कुलूप आणलं.

१६ फेब्रु.
कुलूप बसवलं. शमीमआपा म्हणाल्या, "अन् आग लागली तं?" गॅसचा इशारा आला की कुलूप उघडेल, अशी ओळ घातली.
आई कडीला झोंबत होती. "मले कावून कोंडलं वो बाई?" मला ओळखलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या.

१७ फेब्रु.
उद्या कॉलेज. दादा संध्याकाळी परत विचारणार. सगळा प्रोग्राम तयार, दाराची एकच ओळ राहिलीय: कळवायचं की कोंडायचं.
कुलूप काढून ठेवलं. आई लगेच बाहेर पडली, मी चप्पल घालून तिच्या मागे निघाले. जठारपेठेच्या चौकात थांबली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं, लहानपणच्या मैत्रिणीकडे पाहावं तसं.
"तू येतं का संग, शेंदूरजन्याले? तुह्या घरचे सोडतीन का तुले?"
म्हटलं, विचारून येते.