पहिला नंबर माझा

अक्रा, मंगळवार

बाबा,

तुमचे गुडघे कसे आहेत? तुमची त्रोत्रो मिनीबस ठणठणीत आहे.

काल स्टँडवर पहिला नंबर माझा होता. बाई चालवणार हे कळल्यावर आत बसलेले सगळे उतरले. म्हटलं, ‘खुशाल उभे राहा. माझी गाडी भरल्याशिवाय मागची भरत नाही, स्टँडचा नियमच आहे.’ आणि शेंगा सोलत बसले.

ऊन चटकायला लागलं तसे एकेक निमूट चढले. शेवटचे कोण? ‘पोरगी गाडी आपटेल, विकून टाक,’ असं तुम्हाला सांगणारे कोमला काका!

मग गाडी काढली. उतरताना काका पुटपुटले, ‘तुझ्या बापापेक्षा गचके कमी बसले.’

आता विकत घ्यायला कुणी गिऱ्हाईक आलं तर सांगा, गाडी भरलीय.

तुमची ड्रायव्हर,
एसिनाम