तोंडपाठ खाते क्रमांक

२ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली! बेचाळिसाव्या वर्षी. गोदामात यंत्रांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायची – बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट. सहा महिने कच्ची. पहिल्याच दिवशी ढीगभर फॉर्म भरून घेतले, एक प्रत मला दिली. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला, म्हणजे अजून पस्तीस दिवस. घरात अकरा हजार दोनशे, त्यातले सहा हजार भाड्याचे. हिला म्हटलं, निभेल. ती म्हणाली, निभवू.

५ नोव्हेंबर

बस सोडली. चालत जातो, पाऊण तास. घरी व्यायाम म्हणून सांगितलंय. चहाही सोडला – त्याचं खापर पित्तावर. प्रकृतीची एवढी काळजी मी जन्मात घेतली नव्हती.

१० नोव्हेंबर

जेवताना आठवलं. फॉर्मवर मी बंद केलेल्या दुकानाच्या खात्याचा नंबर लिहिलाय! अकरा वर्षं झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रत्येक बिलावर तोच लिहिला. हात आपोआप चालला, डोकं जागेवर नव्हतं.

त्या खात्यावर कर्ज आहे. नऊ हप्ते थकलेत. तिथे रुपया पडला की बँक तो वळता करून घेणार. म्हणजे अख्खा पगार गेला.

आणि हिला वाटतं, मशिनं विकली तेव्हाच कर्ज फिटलं. तसं मीच सांगितलं होतं.

११ नोव्हेंबर

उद्या अकाउंटच्या बाईंना सांगायचंच.

१२ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

१७ नोव्हेंबर

बाईंच्या दारापर्यंत तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली, तर तोंडातून निघालं – स्टेपलरच्या पिना आहेत का? पिना घेऊन परत!

हमाल सांगत होता, माझ्याआधीच्या माणसाला काढलं ते कर्जबाजारी निघाला म्हणून. इथे हाताखालून लाखांचा माल जातो, साहेबांना भरवसा हवा. नंबर बदला म्हटलं की बाई विचारणार, का? काय सांगू?

२३ नोव्हेंबर

बेअरिंगचे खोके मोजताना दोनदा चुकलो. साहेब नुसते बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं. भीती वाटते. सकाळी उठल्यापासून वाटते.

घरात एकवीसशे उरले. मुलीच्या बुटाचा तळ सुटला, हिने दाभणाने शिवला. मुलगी म्हणाली, आता तो कधीच तुटणार नाही. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

१ डिसेंबर

घरमालक दारात. आठ तारखेला नक्की देतो म्हणालो. ही मागे उभी होती. मग पिशवी घेऊन, जरा काम आहे म्हणून बाहेर पडली. मी कामावर.

३ डिसेंबर, दुपार

पगाराची यादी उद्या बँकेत जाणार. आज मन घट्ट करून आत गेलो. म्हटलं, बाई, माझा खाते क्रमांक चुकलाय.

बाई म्हणाल्या, "अहो, तो बदलला की! परवा तुमच्या मिसेस अर्ज देऊन गेल्या. बचत खात्याचा नंबर, खाली तुमची सही."

मी सही केलेली नाही. दुकानात गर्दी असली की माझी सही हीच ठोकायची, ती हुबेहूब जमते तिला. फॉर्मची प्रत डब्याच्या पिशवीतच राहिली होती, ती सापडली असणार. म्हणजे कर्जाचं हिला ठाऊक आहे. कधीपासून? पगार वाचला, पण घरी जायची हिंमत होत नाही.

३ डिसेंबर, संध्याकाळ

हिने पाणी दिलं. समोर बसली.

"किती हप्ते थकलेत ते बँकवाले मला सांगत नाहीत. तुम्ही सांगा."

"तीन," म्हणालो.

नऊ आहेत.