नकाशावरची टिकली

प्रिय हेमांगी,

आशीर्वाद. आधीच सांगते, कोणी मेलेलं नाही. पत्र बघितलं की तुझी आई छातीवर हात ठेवते, म्हणून. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हां आजी, हां आजी" करत असतेस आणि मागून कोणी तरी तुला इंग्रजीत हाका मारत असतं. कागद मधेच "ठेवते आता" म्हणत नाही. माझी चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, वाचताना डोळे ताणावे लागतील. ताण.

इथं ग्वाल्हेरात वैशाख तापलाय. दौलतगंजात आता माणसं राहतात ती दुकानांच्या डोक्यावर. खाली दुकान, मधे त्याचा माल, आणि सगळ्यात वर दगडी पटियांच्या छताखाली माझ्यासारखी म्हातारी. भाडं खालच्या जागेला येतं, म्हणून माणसानं वर जायचं. ती पटिया दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर आपल्या अंगावर ओकते. कूलर आहे, पण बाबू फाईल सरकवतो तसा तो गरम हवा इकडची तिकडे करतो. दुपारी दुकानांची शटरं अर्धी खाली आली की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी खिडकीशी बसते. समोर शालिनीताईची खिडकी, तिचा पडदा ओढलेला. कधी कधी दिवसातला माझा पहिला शब्द निघतो तो संध्याकाळी दूधवाल्याशी, आणि त्यासाठी आधी घसा खाकरावा लागतो. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, जसं आहे तसं लिहिते.

तर बातमी अशी की शहरानं उन्हाची योजना करायला घेतलीय. लूच्या गरम झळा चालतात त्या दिवसांत कुठल्या गल्लीवर सावलीची जाळी बांधायची, पाण्याचे प्याऊ कुठे ठेवायचे, कुठल्या छतांना पांढरा रंग मारून द्यायचा, आणि कुठल्या एकट्या म्हाताऱ्याच्या दारावर माणूस पाठवून जिवंत आहे का ते बघायचं. आणि हे सगळं म्हणे लोकांना विचारून. पहिली बैठक शाळेच्या हॉलात झाली. गेले सगळे पुरुष, आणि बोलले पार्किंगवर. उन्हाचा विषय निघाला तो एकाची मोटार उन्हात उभी राहते म्हणून. योजनेच्या कामावर सीमंतिनी नावाची मुलगी आहे, तुझ्याच वयाची, इथल्याच मराठी घरातली, पण दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरते. ती शालिनीताईकडे येऊन म्हणाली, "काकू, औरतें तो आलीच नाहीत. दुपारभर घरात तर त्याच असतात ना?" शालिनीताई शाळेत बाई होती, तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं. म्हणाली, बायका बैठकीला येत नाहीत, हळदीकुंकवाला येतात. माझी चैत्रगौर बसलेलीच आहे, तिच्यापुढेच नकाशा पसर.

झकास झालं म्हणतात. मला बोलावणं नव्हतं. तोंड वाकडं करू नकोस. तुझे आजोबा गेल्यापासून नसतंच. त्यात शालिनीताईचा दुष्टपणा नाही. दुसऱ्या दिवशी वाटीभर आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन ती स्वतः माझा जिना चढून आली. डाळीला सौभाग्य लागत नाही. पण त्या संध्याकाळी पडदा उघडा होता, म्हणून मी खिडकीत बसून सगळं ऐकलं. ज्या घरात म्हातारं माणूस तापलेल्या छताखाली एकटं राहतं, तिथे लाल खूण लावायची. ज्या त्या बाईनं आपापल्या घराचं सांगायचं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, असा नियम. लाल खुणा ऑफिसात विसरल्या, म्हणून शालिनीताईनं टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यावर केवढं हसल्या सगळ्या. मी इकडे पंख्याखाली, बोलायला भिंत.

मग एका दुपारी सीमंतिनी बाड्याच्या चौकापासून पायी चालत आली आणि माझ्याकडे वर चढली. तोंड टोमॅटोसारखं झालेलं, हातात पिस्तुलासारखं यंत्र. ते छतावर रोखून ताप किती ते बघते म्हणाली. म्हटलं, "चोर नाही गं ती, पटिया आहे, गोळी नको घालूस." आकडा बघून तो दोनदा लिहून घेतला. मग पाणी प्यायली, नकाशा पसरला आणि म्हणाली, "आजी, ह्या गल्लीत कोई अकेला नहीं रहता. एकही टिकली नाही. अच्छी बात है ना?" मला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी मोठ्यानं हसले की खोकलाच लागला. म्हटलं, "अगं शहाणे, हळदीकुंकवाला कोण येतं? जिचा नवरा आहे ती. आणि एकटी कोण राहते? जिचा गेला ती. तू दुधाच्या दुकानात जाऊन विचारलंस की इथं दारू कोण पितं." पोरीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या आईकडेही चैत्रगौर बसते. लहानपणापासून भिजवलेले हरभरे वाटत फिरलेली मुलगी, पण कोण आलेलं नाही इकडे तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं. आणि नकाशा सोमवारी वर जायचा होता. आपल्या गल्लीत टिकली नाही, तर आपल्या गल्लीत रंग नाही आणि दार वाजवणारा माणूसही नाही.

तशीच उठले आणि शालिनीताईकडे गेले. म्हटलं, आणखी एक हळदीकुंकू कर. हळद नको, कुंकू नको, टिकल्यांचं पाकीट तेवढं ठेव. ती कानापर्यंत लाल झाली. "काकू, माझ्या डोक्यातच आलं नाही हो." "ते डोक्यात नसतंच, हाताच्या सवयीत असतं," म्हटलं, "सतरंजी घाल." मग गल्लीतल्या एकट्या बायकांचा मी एकेक जिना चढले. गुडघे मला शिव्या देत होते आणि मी गुडघ्यांना. विजयाबाईनं दार इतक्या झटक्यात उघडलं, जणू दारामागेच उभी होती. "कुठे जायचंय" हे विचारायच्या आधी तिनं लुगडं बदललं. मंदाताई म्हणाली, "मला कशाला? मी कुठे एकटी? टीव्ही असतो ना." तिला हाताला धरून खाली आणली.

गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी शालिनीताईच्या सतरंजीवर बसलो. कित्येक वर्षं एकमेकींच्या डोक्यावर आणि भिंतीपलीकडे राहतोय, पण एका सतरंजीवर पहिल्यांदा. विजयाबाईनं टिकली बोटावर घेतली आणि थांबली. "माझ्या हातानं?" म्हटलं, "कागदाला सासू नसते. चिकटव." चिकटवली, आणि मग कितीतरी वेळ ते बोट पदराला पुसत बसली. मंदाताई म्हणते, "मला जरा मोठी दे, माझं छत जास्त तापतं." हसण्याचा असा गलका झाला की खालचा दुकानदार बघायला वर आला. उठेपर्यंत नकाशावर गोवर उठल्यासारखं झालं होतं.

प्रत्येक टिकलीजवळ एक नाव द्यायचं होतं. लूच्या दिवशी दार वाजवलं आणि आतून उघडलं नाही, तर फोन कोणाला करायचा त्याचं. मंदाताईचे दोन मुलगे थाटीपुरात राहतात, टेम्पोनं जावं इतके जवळ. तिनं दूधवाल्याचं नाव दिलं. सीमंतिनीनं खाली मान घालून लिहून घेतलं. मग मला म्हणाली, "आजी, तुमची टिकली?" मी म्हटलं, मी तर बोलावणारी आहे, आणि माझ्याकडे मुलगा, सून, नात, सगळे येऊन-जाऊन असतात. शालिनीताईला समोरच्या खिडकीतून दिसतं कोण येतं आणि कोण जातं. ती पन्ह्याचे पेले गोळा करत राहिली, वर बघितलं नाही. ते मी तिचं विसरणार नाही. आणि त्याचाच मला रागही आला. घरी येऊन जेवले नाही.

नकाशा सोमवारपर्यंत शालिनीताईकडेच होता. रविवारी सकाळी गेले आणि माझी टिकली लावून आले. का, ते आता ऐक. मागच्या ज्येष्ठात एका दुपारी पाणी घ्यायला माठाकडे जाताना डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी खाली कोसळले. तुला मोरीत घसरले म्हणून सांगितलं होतं. मोरीत नाही. हात हलत होते, पण उठता येत नव्हतं, आणि जमीन तव्यासारखी. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत पार कोपऱ्यात जाईपर्यंत मी तशीच पडून होते. ओरडले नाही. ओरडायला कोणाचं तरी नाव लागतं, आणि मला ते सुचेना. ऊन उतरल्यावर सरपटत माठापाशी गेले. या वेळी नाव सुचलं. तुझं दिलंय, तुला न विचारता. तुझ्या बापाचं दिलं नाही, कारण त्याला फोन गेला तर तो आधी रडेल, मग मला पुण्याला नेऊन बाराव्या मजल्यावर ठेवेल, आणि तिथं खिडकीतून बघायला गल्लीही नाही. तू रडणाऱ्यांतली नाहीस. तुला जमणार नसेल तर तसं साफ लिही, नाव बदलता येतं, सीमंतिनीला विचारून ठेवलंय. मला राग यायचा नाही. पण जमणार असेल, तर ग्वाल्हेरहून अनोळखी नंबर आला की कामात असलीस तरी उचल. पलीकडचा म्हणेल, आजी दार उघडत नाहीत, काय करायचं? तू विचार करत बसू नकोस. तोडा म्हणून सांग.

तुझीच,
आजी