दोन किल्ल्यांची तिजोरी

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा तिजोऱ्या व कुलपे दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढची हकीकत वाचून कोणाला त्या दाखल्याची शंका आली, तर त्याने डॉक्टरांशी भांडावे. मला वारस दोन: थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात वाटलेली मुख्य चीज आता राहिलेली नाही.

कलम १. क्रिप्टोची नाणी. ती गेली. कशी गेली ते दोघांनाही एकाच तोंडून कळावे म्हणून लिहितो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची तिजोरी उघडून दिली, तर आत दमडी नाही. मजुरीच्या बदल्यात त्याने माझ्या फोनमध्ये ही नाणी टाकली. तुमची आई हसून बेजार झाली. "आता यांची भाजी करू का?" म्हणाली. पुढे भाव असा चढला की तीच रोज चहाच्या आधी विचारू लागली.

या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा शब्द. ज्याच्याकडे बारा शब्द त्याची नाणी. मग रडायला बँक नाही की तक्रारीची खिडकी नाही. बँकेची मोठी तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. जन्मभर तीच बसवत आलो, म्हणून इथेही तेच केले. पितळेच्या दोन पट्ट्यांवर सहा-सहा शब्द ठोकले आणि एकेक पट्टी दोघांना दिली. माझ्याकडे काहीच ठेवले नाही. चोरांची भीती होतीच, पण खरे कारण वेगळे. आईचे ऑपरेशन करावे की नको यावरून तुम्ही भांडलात आणि ती गेल्यापासून दोघांत विस्तव जात नाही. वाटले, मी मेल्यावर पट्ट्या घेऊन एका टेबलाशी बसावे तरी लागेल. पैशासाठी का होईना, बसतील.

मग मला फोन आला. गोड आवाज. "काका, कंपनीतून बोलतोय. तुमचं खातं धोक्यात आहे, बारा शब्द सांगा, पडताळून घेतो." मी काय कच्चा आहे? चोर लगेच ओळखला. गप्प फोन ठेवायचा, तर माझ्यातला कारागीर बोलला. "अरे गाढवा, माझ्याकडे एकही शब्द नाही. अर्धे मुलीकडे, अर्धे मुलाकडे. आणि ती दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. उघड बघू!" तो म्हणाला, "व्वा काका, मानलं तुम्हाला." मी दिवसभर खुशीत होतो.

दोघांचे नंबर कुठून तरी मिळवून त्याने मुलीला फोन केला. "तुमच्या भावानं त्याचे शब्द नोंदवले. तुम्ही नाही दिलेत तर सगळं त्याच्या नावावर होईल." मुलाला हेच, फक्त "भावानं" ऐवजी "बहिणीनं". दोघांनी घाईघाईने पट्ट्या वाचून दाखवल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्या मीच पाठवल्या. मुलगी येऊन रडली, "बाबा, तो असाच वागेल हे मला पटलं हो." मुलगा फोनवर म्हणाला, "ती काहीही करू शकते, बाबा." एकानेही दुसऱ्याला विचारले नाही की, काय गं, काय रे, खरंच दिलेस का? खऱ्या तिजोरीपुढे मॅनेजर आणि कॅशियर दोघांना एका वेळी उभे राहावे लागते. माझ्या शब्दांना तशी गरज नव्हती, हे मला सुचले नाही. तुमचे भांडण मिटावे म्हणून जे केले, त्याच भांडणाने ते लुटले.

कलम २. दुकान आणि वरच्या दोन खोल्या दोघांना निम्म्या-निम्म्या. हे लिहिताना मला धास्ती वाटते, कारण मुलाने "गेलेली नाणी परत आणून देतो" म्हणणाऱ्या दुसऱ्या एका साहेबाला आगाऊ फी भरली आहे. बुडत्याचा पाय खोलात. बाळा, तो साहेबही त्यांच्यातलाच. नाणी परत येत नसतात. शब्द मागणारा, घाई करणारा, लिंक पाठवणारा, फी मागणारा, सगळे एकाच माळेचे मणी. तुझा हिस्सा विकून त्याच्या नरड्यात घालू नकोस. वकीलबाई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकायची नाही. म्हणून अट नाही, विनवणी समजावी.

कलम ३. हत्यारे कोपऱ्यावरच्या किल्लीवालीला. "ही किल्ली कोणाची?" असे विचारल्याशिवाय ती कोणाला नक्कल करून देत नाही. धाकट्या मेव्हण्याला काही नाही. "कुलूपवाल्यालाच लुटलं!" म्हणून तो साऱ्या आळीत हसत फिरला. शेजारच्या शिंप्याचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. बिचारा फुकट सही करतो आहे.

कलम ४. पितळेच्या पट्ट्या दोघांनी आपापल्या ठेवाव्यात किंवा भंगारात द्याव्यात.

हे मृत्युपत्र मुलांसमोर वाचून मग सही करायची, असे मी ठरवले होते. दोघांना आजचा दिवस कळवला. मुलीने विचारले, "तो येणार आहे का?" मुलाने विचारले, "ती असेल का?" पूर्वी मी थाप मारली असती. या वेळी खरे सांगितले, हो. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मग शिंपी म्हणाला, "काका, दुकान उघडायचंय मला." म्हणून सही करत आहे.

सही: (तिजोरीवाला)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. दाखला देणारे डॉक्टर
मसुदा करणार: वकीलबाई
ठिकाण: दुकानाची आतली खोली
तारीख: आजची, वार रविवार, दोघांना सुट्टी असते म्हणून निवडलेला