राक्षसाला हाक

बाबा, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच तुमचा मुखवटा मी पोटमाळ्यावरून खाली काढला. कागदाच्या लगद्याचा, पण रंग अजून धरून आहे. कॉलेजच्या मुलींचं नाटक बसवते आहे. देवीनं राक्षस मारला आणि त्याच्या रक्ताची अकलोलीची गरम कुंडं झाली, तीच गोष्ट. शेलारच्या जत्रेत तुम्ही दरवर्षी मरायचात ती.

मेलात की तुम्ही मुखवट्यासकट शेतात जाऊन बसायचात. मग आई बांधावरून हाक मारायची, "आवो, भात निवला. घरा चला." "आयलू गो," म्हणायचात, आणि तेव्हाच मुखवटा निघायचा. बी.ए.ला असताना मी हसले होते. भूक लागली की येतीलच की! तुम्ही ताटावरून उठलात. "राक्षस मेला का आतला मानूस येकटा र्‍हतं. हाक न्हाय मारली तं तो येल कसा?"

नाटक पाऊण तासात बसवायचं, म्हणून ती हाक मी लिहिलीच नाही. मुलींना ती ठाऊकही नव्हती.

मंगळवारी दुपारी मानकोलीच्या रिकाम्या गोदामात तालीम होती. राक्षस करणारी मुलगी लूम कामगाराची, घरी सगळी हिंदी. तुमचा मुखवटा घालून ती मेली, कोपऱ्यात जाऊन बसली आणि उठेचना. मैत्रिणीनं हलवलं. "मॅडम, ये सुन ही नहीं रही." मी दरडावलं, "नाटक पुरे. ऊठ." नावानं हाक मारली. वर पत्रा उन्हानं तडतडत होता, तिचा श्वास मात्र ऐकू येईना. माझ्या तोंडून आईचे शब्द निघाले.

"आयलू गो."

मुखवट्याआतून आलेला आवाज जाड, तुमच्यासारखा विडीनं खरवडलेला.

मग मुलीनं मुखवटा काढला, घाम पुसला. "मॅडम, मैं मर गई ना? आता काय करू?"

"पाणी पी," मी म्हटलं.

दुसरा मुखवटा आणायला हवा होता, पोर परक्याची आहे. मी आणला नाही. उलट युद्ध कापून हाक नाटकात घातली. ती कोण मारणार, मुली विचारतात. त्यांना आगरी हेल जमायचा नाही, असं सांगून ती मी स्वतःकडे ठेवली.

हे पत्र मुखवट्याच्या आत ठेवणार होते. धीर झाला नाही. आज तालमीला भाताचा डबा नेला, झाकण काढून ठेवलं, आणि निवेपर्यंत कुणाला शिवू दिला नाही.