डाव्या गालाची ट्रायल

५ जानेवारी, सोमवार
मोजले. कपाळावर एकवीस, जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर मिळून सतरा. बंद, पांढरट, बाजरीच्या दाण्याएवढे मुरूम. शिवाय तीन लाल, दुखरे. वय त्रेचाळीस. कॉलेजात होते तेव्हा बायका म्हणायच्या, लग्न झालं की जातील. लग्नानंतर म्हणाल्या, बाळंतपणानंतर जातील. आता कोणी काही म्हणत नाही, फक्त बघतात.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. २५ फेब्रुवारीला मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. प्लेटिंग लाइनची, म्हणजे सुट्या भागांवर धातूचा थर चढवतात तिची, माहिती ऑडिटरपुढे उभं राहून मी सांगते, गेली अकरा वर्षं. यंदा ऋतुजाने सांगावी, असं त्यांना वाटतं. "तुम्ही डेटा द्या मॅडम, ती बोलेल. कॅमेरा लावणार आहेत, त्यांच्या हेड ऑफिसला मोठ्या पडद्यावर दिसणार. जरा प्रेझेंटेबल हवं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फायलीकडे पाहिलं.

मी "बरं" म्हणाले. का म्हणाले?

६ जाने., मंगळ
'बरं' दिवसभर टोचत होतं.

कँटीनमध्ये ऋतुजा शेजारी येऊन बसली. सत्तावीस वर्षांची. थराची जाडी कशी मोजायची हे तिला मीच शिकवलं. "मॅम, सरांनी मला शनिवारीच सांगितलं. मला वाटलं तुम्हाला विचारून ठरवलंय." तिची चूक नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे चार दिवसांनी मला सोयीचं वाटलं तरी बदलता येणार नाही.

मग मीच विचारलं, तू चेहऱ्याला काय लावतेस.
"मॅम, तुम्ही स्क्रब करता का?"
करते. अक्रोडाच्या टरफलाचं, एक दिवसाआड.
"आजच बंद करा. घासून जात नाही ते. आत तेल अडकलंय, वर मेलेली कातडी बसलीय. तिला हळूच सोडवायचं असतं. ॲसिडने."

ॲसिडने. आमच्या लाइनवर भाग टाकीत बुडवून गंज काढतात, त्याला पिकलिंग म्हणतात. एकोणीस वर्षं ॲसिडपासून लोकांचे हात-डोळे वाचवण्यात गेली. आता तेच तोंडाला लावू?

आणि दुसरा प्रश्न. साहेबांचा राग आलाय, तर आजच हे विचारायची गरज काय होती? मला माझी कातडी हवीय की साहेबांचं सर्टिफिकेट?

८ जाने., गुरु. सुट्टी
चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. घरून वहीत लिहून नेलं होतं.

ग्लायकोलिक : जोरदार, पण चुरचुरतं. माझ्यासारख्या सावळ्या रंगावर डाग राहू शकतात. नको.
लॅक्टिक : सौम्य, ओलावा धरतं. पण आत अडकलेल्या तेलापर्यंत फारसं जात नाही.
सॅलिसिलिक (यापुढे सॅ.) : तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं.
मँडेलिक (मँ.) : कण मोठा, हळू मुरतं. हळू म्हणजे किती?

बाई वही वाचून हसल्या. "तुम्ही क्वालिटीत आहात का?" चेहऱ्यावर लिहिलंय वाटतं. म्हणाल्या, बंद छिद्रांसाठी आधी सॅ. घ्या, पण एक टक्का, आठवड्यातून दोनदाच. वर साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, बसमध्ये सावलीला बसलात तरी. सुरुवातीला थोडे जास्त दिसतील, घाबरू नका. दोन महिने तरी द्या.

ऑडिटला सात आठवडे आहेत. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१० जाने., शनि
सुरुवात. लॅबमधून पीएचच्या दोन पट्ट्या आणल्या, रजिस्टरला नोंद केली, कारणापुढे 'वैयक्तिक' लिहिलं. बाटलीतला थेंब साडेतीनच्या आसपास. ठीक.

आमच्याकडे एका वेळी एकच बदल करतात आणि जुना नमुना शेजारी ठेवतात. नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. म्हणून फक्त डाव्या बाजूला (डा.) लावायचं. उजवी (उ.) तशीच.

महेश दारात उभा राहून बघत होता. "अर्ध्यालाच?"
"उरलेली बाजू तुलनेला."
"अगं, चेहरा आहे तो. बोल्ट नाही." आणि चहा ठेवायला गेला. वीस वर्षांच्या संसारात माझ्या चेहऱ्याबद्दल तो याहून जास्त बोललेला नाही, चांगलं नाही की वाईट नाही. ही दया की न दिसणं, कधी विचारलं नाही.

१५ जाने., गुरु. सुट्टी
नणंदेकडे हळदीकुंकू. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आमच्या पार्लरवालीकडे पील करून घ्या ना. एका बैठकीत साल निघते, खाली नवी कातडी. त्या ऑडिटच्या आधी करा."
"कोणतं ॲसिड वापरते ती? किती टक्के?"
"ते कोण विचारतं?"
"मी विचारते."
दोघी-तिघी हसल्या. हसू देत. ज्या टाकीवर टक्के लिहिलेले नाहीत, तिच्यात मी नटसुद्धा बुडवू देत नाही.

२१ जाने., बुध
डा. : कपाळ अकरावरून आठवर. जबड्याशी दोन नवे लाल, नेहमीच्याच जागी. उ. : फरक नाही.

लताबाई पिकलिंगच्या टाकीवर असतात. लातूरकडच्या. पंधरा वर्षं आम्ही एकाच बसने निघोज्याला कारखान्यात येतो. आज बसमध्ये निरखून बघत होत्या. "मॅडम, एका गालावर उजाडलंय की. दुसऱ्यावर अजून अंधारच हाय."
सांगितलं, ट्रायल आहे.
"अन् कामावरचा मास्क? ह्यो दिवसभर त्याच घामात घासतोय, त्याचं काय?"
खरंच, त्याचं काय. मास्कची कड आणि बसस्टॉपपर्यंत स्कूटीवर बांधते तो स्कार्फ, दोन्ही जबड्याच्या त्याच रेषेवर घासतात. मी सतरा मोजले, ते कुठल्या रेषेत बसलेत हे पाहिलं नाही. स्कार्फ रोज धुवायचा. मास्क जेवणाच्या सुट्टीत बदलायचा. (म्हणजे एका वेळी दोन बदल झाले. ट्रायल बिघडली. पण स्कार्फ दोन्ही गालांना लागतो, म्हणून चालेल.)

२८ जाने., बुध
साहेब मजल्यावर आले होते. ऋतुजाला म्हणाले, "रिहर्सल चालू कर." मला म्हणाले, "मॅडम, तिला जरा तयार करा."
तयार केलं. दोन तास. हुशार आहे, पण टाकीबद्दल एखादा प्रश्न खोलात जाऊन विचारला की अडखळते. मी पुढचं वाक्य सांगत होते आणि आत कुठेतरी तिने अडखळावं असं वाटत होतं. वाटलं ते लिहिलं.

चार आठवडे उरले. आजपासून सॅ. रोज. थोडं चुरचुरतं, म्हणजे काम चालू आहे.

३ फेब्रु., मंगळ
डा. गाल लाल. नाकाच्या बाजूला साल निघतेय, पाणी लागलं तरी झोंबतं. सनस्क्रीन लावताना डोळ्यांत पाणी आलं.

लताबाईंनी विचारलं नाही, सरळ सांगितलं, "जास्त येळ ठेवलाव."
"दोनदाचं सातदा केलं."
"तुमीच बोर्ड लावलाय की टाकीवर. गंज गेला की ॲसिड लोखंड खातंय, येळेवर काढा."

बोर्ड मी लावला. अक्षर माझं. लाइनवर थर उरला की दुसऱ्यांदा बुडवतो, आणि मी तेच केलं. फक्त लोखंडासाठी त्या टाकीत इनहिबिटर घालतो, मूळ धातू वाचावा म्हणून. गालात कोण घालणार? एखाद्या नव्या मुलीने असं केलं असतं तर मी तिच्याकडून लेखी कारण मागितलं असतं. माझं लेखी कारण : घाई. कुणासाठी? साहेबांसाठी. दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

५ फेब्रु., गुरु. सुट्टी
डॉ. बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "दोनदा सांगितलं होतं ना?" दहा दिवस सगळं बंद. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. मग वाटलं तर मँ., पाच टक्के, तेही आठवड्यातून दोनदा. "तुमच्यासाठी हळू चालणारंच बरं."
या वेळी ऑडिटचं सांगितलं. म्हणाल्या, "तोपर्यंत डाग जाणार नाही. दुसरं काय हवंय तुम्हाला?"
बसस्टॉपवर उत्तर सुचलं. मला बोलायचंय.

११ फेब्रु., बुध
झोंबणं थांबलं. नाकाशेजारी आठ आण्याएवढा तपकिरी डाग. जबड्यावरचे डा. सहा, उ. नऊ. म्हणजे सॅ.चा उपयोग होत होता. मीच त्याला वेळ दिला नाही.

ऋतुजा वॉशरूममध्ये. "मॅम, माझ्याकडे कन्सीलर आहे, डाग दिसणार नाही."
नको म्हटलं. साल निघालेल्या जागी लावायचं नसतं, हे खरं कारण. ते एकटंच नाही, हेही खरं. मी झाकून उभी राहिले, तर पुढच्या ऑडिटला झाकूनच उभं राहावं लागेल. आणि माझ्यामागे जिच्या तोंडावर असे येतील तिलाही.
पण मला तर यंदा उभंच करणार नाहीयेत. 'बरं' म्हणून बसलेय मी.

१६ फेब्रु., सोम
मँ. सुरू. डा. अजून नाजूक, म्हणून फक्त उ. बाजूला. महेश म्हणाला, "आता दुसरी बाजू? बघणाऱ्याला वाटेल दोन बहिणी आहेत." हसले, गाल ओढला गेला.
चुरचुरलं नाही. सवयीने वाटलं, कामच करत नाही. पुढची वेळ गुरुवारी. आधी नाही.

१८ फेब्रु., बुध
ठरवलेल्या पद्धतीत काहीही बदलायचं तर आमच्याकडे डिव्हिएशन नोट भरतात : काय बदललं, कारण काय, कोणाची सही. टाकीचं तापमान दोन अंश बदललं तरी भरतात. आणि प्रोसेसची माहिती प्रोसेसच्या प्रमुखाने सांगायची, हे आमच्याच पद्धतीत लिहिलेलं आहे. प्रमुख मी. सहा आठवडे हे माझ्या डोक्यात आलं नाही. फॉर्म मीच छापून घेते.

भरला. 'बदल' : माहिती देणारी व्यक्ती. 'आधी' : माझं नाव. 'आता' : ऋतुजाचं. 'कारण' रिकामं ठेवलं. रजिस्टरमधून नंबर घेतला. साहेबांपुढे ठेवला.

"हे काय मॅडम?"
"नोट, साहेब. बदल तुमचा आहे, कारण तुम्ही लिहा."
"अहो, आपल्या-आपल्यात कागद कशाला?" हसले. "बरं, काय लिहू?"
"मला जे सांगितलंत ते. प्रेझेंटेबल."
त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. तपकिरी डाग, उजव्या जबड्यावरचे नऊ, सगळं. मी मान वळवली नाही. त्यांनी पेन उघडलं, मग बंद केलं. "ठेवून जा. बघतो."

जिना उतरून रजिस्टरमध्ये नंबरापुढे लिहिलं : सहीसाठी साहेबांकडे.

२१ फेब्रु., शनि
सही नाही, फॉर्म परतही नाही. ऋतुजाला सगळं सांगितलं, तिला बाहेरून कळू नये म्हणून.
"मॅम, मला ही संधी हवी होती."
"माहीत आहे. तुझ्या प्रोसेसवर तू उभी राहा. तेव्हा तुझ्या बाजूने मी नोट भरीन."
"आणि मलाच लाल आले असते तर सरांनी कोणाला उभं केलं असतं?"
ती चहा घेऊन आली. दोन कप.

२४ फेब्रु., मंगळ
उद्या ऑडिट.

डा. : डाग फिकट, आहे. उ. : मँ. तीनदा झालं. काही बदल नाही, काही बिघाडही नाही. हे पुरेसं आहे असं आज वाटतंय. उद्या वाटेल की नाही माहीत नाही. पार्लर नाही, कन्सीलर नाही. आज ॲसिडचा दिवसही नाही.

चार वाजता साहेबांनी फोन केला. "मॅडम, ती नोट मागे घ्या ना. ऑडिटर पहिली तीच फाइल बघतात."
"नंबर पडलाय साहेब. मागे घ्यायची तर मागे का घेतली तेही लिहावं लागेल."
"मग काय करायचं म्हणता?"
"कारण लिहून सही करा, मी मागच्या रांगेत बसते. नाहीतर बदल झालाच नाही. पद्धतीत नाव आहे ती बोलेल."
मागे प्रिंटरचा आवाज येत होता. "सकाळी बघू," म्हणाले आणि ठेवला.

आडमुठेपणा करतेय का मी? एका गालावरच्या डागासाठी कंपनीला अडचणीत आणतेय का? तीन वेळा स्वतःला विचारलं. तिन्ही वेळा हेच आलं, की कारण जर लिहिण्यासारखं असतं तर त्यांनी पाचच मिनिटांत लिहिलं असतं.

ऋतुजाचा मेसेज : मॅम, मी पहिल्या रांगेत बसू की स्टेजवर येऊ, कोणालाच माहीत नाहीये.
उत्तर दिलं : मलाही नाही. तू तयारीत ये.

निळी साडी इस्त्री करून ठेवली. स्लाइड्स दोनदा पाहिल्या. बस सात वाजता.