बिननावाचा द्वारपाल

५ ऑक्टोबर, रविवार
विस्कॉन्सिनमधील स्टोनी बे या सरोवरतीरस्थ ग्रामी अस्मादिकांचे शुभागमन झाले. ग्रामस्थांनी तोरणे उभारली नाहीत, हा त्यांचा विनय. शेजारीण मार्लिस ट्वेट हिने मात्र आपल्या तळघरातील रविवारच्या खेळास, ज्यात प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कल्पित मोहीम लढायची, पाचारण केले: कागद, पेन्सिली, बहुपृष्ठी फासे आणि चीजचा पर्वत. मार्लिस सूत्रधार, तिचा नवरा गॉर्डी परशुधारी बुटका योद्धा. मी निवृत्त लॅटिन शिक्षक, सबब मांत्रिक. मंत्रोच्चार करून एक श्वापद आवाहिले: अस्वलाएवढे, राखी, सशृंग.

मार्लिसने युद्धनियम कथन केले. आवाहित प्राणी मांत्रिकाच्या पाळीतच हालतो. मिळालेली आज्ञा पुरी होईतो पाळतो. मधेच थांबवायचे तर नावाने हाक मारून निरोप द्यायचा. आणि नाव आवाहनाच्या वेळीच ठेवायचे, मागाहून लागत नाही. भाडोत्री ढालीचे बारसे कशाला, असे मी पृच्छिले. गॉर्डी खदखदून हसला. मार्लिस हसली नाही. "प्रोफेसर, आमच्या टेबलावर हे चालत नाही हं."

१२ ऑक्टोबर, रविवार
दिग्विजय! प्रत्येक दारातून श्वापद अग्रभागी, अस्मादिक पृष्ठभागी. भाला त्याच्या खांद्यात, पंजा सापळ्यात, डावा डोळा तेजाबात. "अरे बाबा, त्याला दम तरी खाऊ दे!" गॉर्डी म्हणाला. वेदना हा कागदावरील अंक होय, असे मी प्रतिपादिले. अखेर कोषागार जिंकून आज्ञा केली: माझ्या दारी बस, जो प्रथम उंबरठा ओलांडील, त्याला ठार कर. खेळ संपला. निरोप दिल्याविना फासे उचलू नयेत, असा या टेबलाचा रिवाज. मी उचलले.

१४ ऑक्टोबर
दर्शनी दाराच्या आतल्या बाजूस ओल्या राखेचा वास. चूल नाही, धुराडे नाही. कारण शोधण्याचे सोडून मी स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा आरंभिली, हे कबूल करतो.

१६ ऑक्टोबर
भर सकाळी, लख्ख उजेडात, तो सशृंग जीव दर्शनी दाराशी आत बसला आहे. खांद्यात भाल्याचे पाते. मला पाहून त्याने लंगडा पंजा आवरून वाट करून दिली.
रागावला असता तर बरे झाले असते.
ठाऊक होती तेवढी नावे घेतली. प्रत्येक वेळी कान टवकारले. उठला नाही.

१८ ऑक्टोबर
मार्लिसला फोन केला. खरे सांगण्यासाठीच. जिभेवर विनोदच आला: समजा, एखाद्या गाढवाने श्वापदाचे नावच ठेवले नाही, तर? ती म्हणाली, मग आज्ञा पुरी झाल्याशिवाय ते हटत नाही. माझा आवाज आजारी वाटतो, असेही म्हणाली. "उद्या जेवायला गरम कॅसरोल घेऊन येते. दार उघडंच असतं ना? येते मी सरळ आत."
नको म्हणायचे होते. कारण सांगावे लागले असते.
मी आभार मानले.

१९ ऑक्टोबर
फोन केला. गॉर्डीने उचलला. "निघाली की ती! भांडं गरम आहे, धावतच गेलीय." —

तिला वाटेत अडवीन. पण उद्या गॉर्डी. परवा टपालवाला. आज्ञा पुरी झाल्यावाचून तो —

प्रत्येक दारातून त्याला पुढे धाडले. एकदाही मी पुढे —

स्वयंपाकघरातून बाहेर पडून वळसा घालून आलो. दर्शनी पायरीवर बसून लिहितो आहे. मार्लिस, वही इथेच ठेवीन. मी आत गेल्यावर थोडे थांब. मग ये. आज्ञा पुरी झाली असेल, तेव्हा तो नसेल. हसू नकोस. नाही, तू तेव्हाही हसली नव्हतीस —

ती फाटकाशी आली. हात हलवते आहे.

काचेतून त्याने पाहिले. उठून उभा राहिला. तीन पायांवर. लेकरा, मला —

आता सुचले. त्याचे नाव